दुकान चालू ठेवून

विद्यापीठाचा इतिहास म्हटला की कुलगुरूंची परंपरा, इमारतींची उद्घाटने आणि विद्यार्थिसंख्येचे चढते आकडे अपेक्षित असतात. ते या स्मरणिकेत इतरत्र येईलच. मी निफाड तालुक्यातल्या एका महाविद्यालयात वाणिज्य शिकवत होतो आणि पुष्कळ वर्षे रविवारी तिथल्याच अभ्यासकेंद्रावर संमंत्रक, म्हणजे मार्गदर्शन करणारा शिक्षक, होतो. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ मला ठाऊक आहे ते त्या रविवारच्या वर्गातून. वर्गात कोण बसायचे, ते आधी सांगतो. बाजार समितीत टोमॅटोचे क्रेट मोजणारा हुंडेकऱ्याचा मुलगा, कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर उभा राहणारा, द्राक्षाची कलमे बांधून विकणारे दोघे भाऊ, शिलाई मशीनवर घर चालवणाऱ्या ताई, मोटार रिवाइंडिंगचे दुकान असलेला एक गृहस्थ. वये पंचविसापासून पन्नाशीपर्यंत. सगळ्यांना सोमवारी सकाळी आपापले दुकान उघडायचे होते.

दुकान बंद करून शिकायला या, असे सांगणाऱ्या संस्था आपल्याकडे होत्या आणि त्यांनी मोठे काम केले. मराठा विद्या प्रसारक समाज १९१४ चा, गोखले एज्युकेशन सोसायटी १९१८ ची. खेड्यातली पोरे वसतिगृहात आणून त्यांना वकील, शिक्षक, इंजिनिअर करण्याचे श्रेय नाशिक जिल्ह्यात याच संस्थांचे. पण ज्याला शाळा अर्धवट सोडून धंद्याला लागावे लागले, त्याच्यासाठी दार एकदा बंद झाले की झाले. आयटीआयला जायचे तर पूर्ण वेळ हवा, कॉलेज अकरा ते पाच. बत्तिसाव्या वर्षी, दोन लेकरे आणि दुकानाचे भाडे डोक्यावर असताना, हे कोण करणार?

विद्यापीठ १ जुलै १९८९ रोजी स्थापन झाले, महाराष्ट्राच्या त्या वर्षीच्या विसाव्या अधिनियमाने. इंग्लंडचे मुक्त विद्यापीठ १९६९ चे. आपल्या देशात आंध्र प्रदेशाने १९८२ मध्ये सुरुवात केली, १९८५ मध्ये दिल्लीला इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आले, मग कोटा आणि नालंदा, आणि पाचवे आपले. नाव यशवंतरावांचे आणि गाव नाशिक, हे जुळून आले याचा मला नेहमी आनंद वाटतो. चीनच्या आक्रमणानंतर ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले तेव्हा १९६३ मध्ये नाशिकनेच त्यांना लोकसभेवर बिनविरोध निवडून दिले होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मुख्यमंत्री असताना त्यांनी कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना ईबीसीची फीसवलत दिली आणि १९६२ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, उभी राहिली. शिक्षण आणि कारखानदारी या दोन गोष्टी त्या माणसाने एकाच काळात हाती घेतल्या होत्या. त्यांच्या नावाच्या विद्यापीठाने धंदेवाल्याला शिकवावे, हे त्या नावाला साजेसेच आहे.

पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, त्याआधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू, आणि नंतर दिल्लीच्या राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही. २०२३ मध्ये ते गेले. गोवर्धन शिवारात गंगापूर धरणाजवळ आवार उभे राहिले, त्याला नाव दिले ज्ञानगंगोत्री, आणि ब्रीद ठरले ‘ज्ञानगंगा घरोघरी’. धरणाचे पाणी जसे पाटाने शेतापर्यंत जाते तसे हे, असे मी नवीन विद्यार्थ्यांना सांगायचो. गोदाकाठच्या माणसाला ते पुन्हा सांगावे लागत नसे.

त्या वेळचे नाशिक कसे होते, हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. सातपूर भरून अंबडमध्ये कारखाने चालले होते. ओझरला विमानांचा कारखाना, सातपूरला मायकोचा, आणि त्यांच्या आसऱ्याने गल्लोगल्ली लेथ टाकून बसलेले छोटे कारखानदार. त्यातले बरेच जण आधी मोठ्या कारखान्यात कामगार होते. हात तयार, हजारांशाचा मायक्रोमीटर डोळे मिटून वाचतील असे, पण कोटेशन लिहायचे म्हटले की दुसऱ्याकडे जात. मालेगावला यंत्रमाग, येवल्याला पैठणीचे हातमाग, सिन्नरला विडी, लासलगावला कांदा. निफाड आणि दिंडोरीत द्राक्ष. सगळीकडे चित्र एकच: कसब वंशपरंपरेने किंवा उस्तादाकडून आलेले आणि हिशेब तोंडी.

विद्यापीठाने पहिल्यांदा जे केले ते म्हणजे पूर्वतयारीचा अभ्यासक्रम. दहावी-बारावीचा दाखला नसला तरी वयाची अट पुरी करणाऱ्याने आधी पूर्वतयारी द्यायची आणि मग बी.ए. किंवा बी.कॉम.ला बसायचे. मराठीतून. यावर त्या काळी बरीच टीका झाली. दर्जा घसरेल, पदव्या स्वस्त होतील, असे माझेही काही सहकारी म्हणत. मी त्यांना रविवारी वर्गात येऊन बसा म्हणायचो. वीस वर्षांनी हातात पेन धरलेला माणूस, दुकानातल्या ग्रीसचे डाग नखांत तसेच, घटक दोनमधला एक शब्द कळला नाही म्हणून तीन मैल सायकल मारून येतो, तेव्हा दर्जाची काळजी करण्याचे कारण उरत नाही.

पुस्तकांबद्दल मला विशेष प्रेमाने लिहायचे आहे. वर्गात रोज शिक्षक नाही हे गृहीत धरून ती लिहिलेली होती. प्रत्येक घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टे, मग छोटे छोटे भाग, मध्येच स्वयंअध्ययनाचे प्रश्न आणि मागे त्यांची उत्तरे, शेवटी सारांश, पारिभाषिक शब्द आणि क्षेत्रीय कार्य. दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा अर्धा भाग वाचायचा, गिऱ्हाईक आले की पान दुमडून ठेवायचे. मी पाहिलेल्या बहुतेक पुस्तकांची पाने अशी दुमडलेली असत. नियमित महाविद्यालयात मी ज्या पुस्तकातून शिकवायचो, त्यात भांडवल म्हणजे काय याची व्याख्या चार ओळींची होती आणि उदाहरण मुंबईच्या कापडगिरणीचे. इथे उदाहरण दूध डेअरीचे. लेखकाने वाचकाला डोळ्यांसमोर ठेवले की भाषा आपोआप सोपी होते.

आता त्या रिवाइंडिंगवाल्या गृहस्थांची गोष्ट. नाव लिहीत नाही, ते अजून दुकान चालवतात. दहावी नापास, उस्तादाच्या हाताखाली सात वर्षे काढून स्वतःचे दुकान टाकलेले. एका पंपाच्या कंपनीची एजन्सी घ्यायची होती आणि फॉर्मवर शिक्षणाचा रकाना होता, म्हणून पूर्वतयारीला आले आणि पुढे बी.कॉम.ला. पहिल्या वर्षी मी घसारा शिकवला, जसा नेहमी शिकवायचो तसा, फळ्यावर तक्ता काढून. वर्ग गप्प बसला. पुढच्या रविवारी निम्मे आले नाहीत. ही चूक माझी होती आणि ती मला लवकर कळली हे बरे झाले. त्यानंतर मी सांगितले, येताना आपली वही घेऊन या, ज्याची जशी असेल तशी.

त्यांची वही होती ती उधारीची. शंभर पानी, तेलकट, प्रत्येक पानावर एका शेतकऱ्याचे नाव आणि रक्कम, पैसे आले की आडवी रेघ. एवढेच. मी विचारले, “पाच एचपीची पाणबुडी मोटार भरायला तुम्हाला खर्च किती येतो?”

“तारेचे पैसे, सर. अमुक किलो तार, त्याचा भाव, वर मजुरी. सगळेच तसे घेतात.”

“मजुरी कोणाची?”

“पोराची. हाताखाली एक पोरगा आहे.”

“तुमची?”

ते हसले. “मी तर मालक.”

मग आम्ही वर्गातच बसून एका मोटारीचा हिशेब मांडला. स्टेटर उघडून जळकी तार काढायला किती वेळ, खाचांत बसवायचे कागद कापायला किती, वेटोळी भरायला, जोड मारायला, पाण्यात ठेवून तपासायला. वेटोळी भरण्याचे बारीक काम स्वतः करायचे, रात्री अकरापर्यंत. कागद कापायचे काम घरी त्यांच्या पत्नी करायच्या. या दोघांचे तास कुठेच धरलेले नव्हते. बुश, बेअरिंग, दोरा, टेप हे तारेच्या भावात ‘बसून जाते’ म्हणायचे, तेही बसत नव्हते. आणि दुसरीकडे, जळकी तांब्याची तार भंगारात विकून येणारे पैसे थेट खिशात जायचे, ते उत्पन्न म्हणून कुठे लिहिलेच नव्हते. म्हणजे खर्चही खोटा आणि मिळकतही खोटी. धंदा बरा चाललाय की वाईट, हे पंधरा वर्षे दुकान चालवणाऱ्या माणसाला सांगता येत नव्हते.

खरा गुंता उधारीचा निघाला. द्राक्षवाल्याची मोटार ऑक्टोबर छाटणीपासून जळायला लागते, पण त्याच्या हातात पैसा येतो माल निघाल्यावर, फेब्रुवारी-मार्चनंतर. तार मात्र नाशिकच्या व्यापाऱ्याकडून आणायची. रोख पैसे नसल्याने तीही उधार, आणि उधारीचा भाव वेगळा. किलोमागे थोडाच फरक, पण सबंध हंगामाचा जमवला तेव्हा ती रक्कम हाताखालच्या पोराच्या तीन महिन्यांच्या पगाराएवढी झाली. ते बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होते. खेळते भांडवल या शब्दाची व्याख्या त्या दिवसानंतर माझ्या वर्गात कोणाला पाठ करावी लागली नाही.

त्यांनी दोन गोष्टी केल्या. दुकानात पाटी लावली, की तारेचे पैसे आधी आणि मजुरी माल गेल्यावर. शेतकरी रागावले नाहीत. मजुरीपुरती सवलत त्यांना पुरेशी होती. आणि त्यांनी रोजकीर्द घातली. रोज रात्री शटर अर्धे खाली ओढून दहा मिनिटे. जमा डावीकडे, नावे उजवीकडे, भंगारसुद्धा जमेला. महिन्याच्या शेवटी खतावणी. जुने शब्द आहेत हे, आपल्या पेढ्यांवर शतकानुशतके वापरलेले. शाळेत न गेलेल्या आजोबांना ठाऊक असलेला शब्द नातवाने कॉलेजात ‘जर्नल’ म्हणून शिकावा आणि दुकानात वापरू नये, याचे मला नेहमी वाईट वाटत आले. मी ते दोन्ही शब्द एकत्र शिकवायला लागलो.

यात गावाचा काय फायदा, असे कोणी विचारील. उन्हाळ्यात खरड छाटणी झालेली बाग आणि जळालेली मोटार, ही जोडी ज्याने पाहिली आहे त्याला सांगायला नको. नवीन फूट पाण्यावाचून चार दिवस राहिली तर पुढच्या वर्षीच्या घडांवर परिणाम होऊ शकतो, कारण द्राक्षात सूक्ष्म घडनिर्मिती त्याच काळात होते. पूर्वी मोटार टेम्पोत घालून नाशिकला न्यावी लागे, तिथे रांग असे, तीन-चार दिवस सहज जात. गावात तार शिल्लक ठेवण्याइतके भांडवल असलेला, हिशेब जमलेला रिवाइंडिंगवाला असला तर संध्याकाळी आणलेली मोटार दुसऱ्या दिवशी रात्रपाळीच्या विजेला विहिरीत उतरते. टेम्पोचे भाडे वाचते, मजुरीचे पैसे गावातल्या किराणा दुकानात खर्च होतात, आणि बाग वाचते. एका उधारीच्या वहीचा हिशेब नीट लागला की तो इथपर्यंत पोचतो. स्थानिक अर्थव्यवस्था हा मोठा शब्द मी याच उदाहरणाने शिकवला.

शेतीकडे वळतो, कारण विद्यापीठाचे या जिल्ह्यावरचे सर्वांत मोठे ऋण माझ्या मते कृषिविज्ञान विद्याशाखेचे आहे. फळबाग, भाजीपाला, फुलशेती, कृषी व्यवसाय व्यवस्थापन अशा पदविका सुट्या सुट्या घेता येत आणि त्या जोडत जाऊन पदवीपर्यंत पोचता येई. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने आता बहुप्रवेश-बहुनिर्गमन हा शब्द रूढ केला. आमच्या केंद्रावरचे शेतकरी त्याच्या कितीतरी आधी एका हंगामाला एक पदविका, लग्नसराईत सुट्टी, मग पुढची, असे करत होते. १९९४ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे कृषी विज्ञान केंद्र विद्यापीठाकडे आले. देशातले असे पहिले केंद्र १९७४ चे, पुद्दुचेरीचे. या केंद्रांची रीत मला आवडते: नवीन वाण किंवा नवे औषध आधी शेतकऱ्याच्याच बांधावर लावून बघायचे, शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून दाखवायचे आणि मग बोलायचे. माती तपासून घेण्याची सवय आमच्या भागात अशाच शिवारफेऱ्यांतून लागली.

महाराष्ट्रात शेतावरच्या अशा प्रयोगांची परंपरा जुनी आहे. श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला तेव्हा तासगाव-सांगलीकडचे द्राक्षवाले एकमेकांना आपापल्या बागेतले निष्कर्ष कळवत होते, प्रयोगशाळेची वाट न बघता. शेतकरी शिकतो तो शेतकऱ्याकडून, हे त्यांनी दाखवून दिले. विद्यापीठाने त्याच वृत्तीच्या माणसाला पुस्तक, परीक्षा आणि प्रमाणपत्र दिले.

शिक्षण नसले तर काय होते, हे २०१० च्या हंगामात सगळ्या जिल्ह्याने पाहिले. युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले. आम्ही त्याला सीसीसी म्हणतो. वेलीची वाढ रोखून घड चांगला यावा म्हणून ते छाटणीनंतरच्या काळात वर्षानुवर्षे मारले जात होते आणि त्यात चूक आहे हे बहुतेकांना माहीतच नव्हते. माल नाकारला गेला, कंटेनर अडकले, कित्येक बागाईतदार कर्जात गेले. त्या वर्षी आमच्या रविवारच्या वर्गात हिशेबाऐवजी बाटलीवरच्या लेबलाचे वाचन चालले होते: सक्रिय घटक कोणता, प्रमाण किती, काढणीआधी किती दिवस फवारायचे नाही. लेबलची अक्षरे इतकी बारीक की एक जण भिंग घेऊन आला होता. त्याच सुमारास विलास शिंदे यांच्या पुढाकाराने दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीला सह्याद्री फार्मर्स प्रोड्युसर कंपनी उभी राहिली. शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी काढायची सोय २००२ च्या कंपनी कायदा दुरुस्तीने झालेली होती, ती आपल्या भागात अशी फळाला आली. छोट्या बागाईतदाराला सल्ला, निविष्ठा, तपासणी आणि बाजार एका छताखाली मिळाल्यावर तो युरोपच्या दुकानापर्यंत जाऊ शकतो, हे तिथे सिद्ध झाले. एकट्याने शिकलेले एकत्र येऊन वापरले की त्याचे बळ कितीतरी वाढते.

कृषी सेवा केंद्रवाल्यांचा उल्लेख केल्याशिवाय हा भाग पुरा होणार नाही. खेड्यात शेतकऱ्याचा खरा सल्लागार हाच. सकाळी पान तोडून आणायचे, काउंटरवर ठेवायचे आणि “काय मारू?” विचारायचे. उत्तर देणाऱ्याचे शिक्षण किती, हे कोणी विचारत नव्हते. हैदराबादच्या ‘मॅनेज’ या संस्थेने २००३ मध्ये अशा विक्रेत्यांसाठी ‘देसी’ नावाची एक वर्षाची पदविका सुरू केली, ४८ आठवड्यांची, आठवड्यातून एक दिवस, आणि तो दिवस रविवारचा किंवा बाजाराच्या सुट्टीचा. रविवार पुन्हा आलाच. २०१५ मध्ये केंद्राने कीटकनाशक नियम बदलून विक्रेत्याला शैक्षणिक पात्रतेची अट घातली तेव्हा जुन्या परवानाधारकांची धांदल उडाली. आमच्या वर्गातला काउंटरवाला मात्र निवांत होता. त्याने आधीच एक पदविका पुरी केली होती आणि दुसरीची पुस्तके त्याच्या गल्ल्याखाली ठेवलेली होती. आता तो पान बघून आधी विचारतो, “याच्याआधी काय मारलंय, किती दिवस झाले?” कित्येकदा काहीच न विकता गिऱ्हाईक परत पाठवतो. दुकान त्यामुळे बुडाले नाही. आजूबाजूच्या गावांतून लोक पाने घेऊन त्याच्याकडेच येतात.

बायकांचे शिक्षण मी उशिरा पाहिले, पण जे पाहिले त्याने मला फार शिकवले. बचत गटातल्या एक ताई नागलीचे पापड करायच्या. नागली पेठ-सुरगाण्याकडून यायची. विक्री डझनावर. शहरातल्या एका दुकानदाराने वजनावर माल मागितला तेव्हा त्यांना कळेना की भाव कसा काढावा, कारण ओल्या पापडाचे वजन एक आणि वाळल्यावरचे दुसरे. घरच्या तराजूवर दहा दिवस रोज एकाच तावातला एकेक पापड मोजून त्यांनी स्वतः तक्ता केला आणि वर्गात आणला. असा नीटस तक्ता मी माझ्या नियमित विद्यार्थ्यांकडून क्वचित पाहिला. मग अन्न सुरक्षेची नोंदणी आली, पाकिटावर निव्वळ वजन, पॅकिंगची तारीख, घटक, नोंदणी क्रमांक. बारा लाखांच्या आतल्या उलाढालीला तेव्हा वर्षाला शंभर रुपयांत होणारी ही नोंदणी करून देण्यासाठी कोणी हजार-दीड हजार मागत होते. अर्ज कसा भरायचा हे ज्याला येते त्याचे ते पैसे वाचतात. मदत म्हणजे बहुतेक वेळा एवढेच असते, सोबत बसून अर्ज भरणे.

कर्जाच्या बाबतीत माझा अनुभव कडू-गोड आहे. जिल्हा उद्योग केंद्रे १९७८ पासून आहेत, पुढे पंतप्रधान रोजगार योजना आली, २०१५ मध्ये मुद्रा. योजना कमी नव्हत्या. आमचा एक विद्यार्थी पदविकेचे प्रमाणपत्र घेऊन एका बँकेत गेला आणि परत आला. साहेबांनी प्रमाणपत्र वाचलेही नव्हते. तो खूप खचला. मी त्याला म्हटले, प्रमाणपत्र पाठीमागे ठेव, आधी तुझी तीन वर्षांची रोजकीर्द आणि विजेची बिले दाखव. दुसऱ्या बँकेत त्याला कर्ज मिळाले. तेव्हापासून मी पूर्वतयारीच्या पहिल्याच तासाला सांगायला लागलो, की पदवी मिळायला काही वर्षे लागतील, वही आज रात्रीपासून घाला.

काही गोष्टी अजून मनाला लागून आहेत. निरंतर शिक्षण विद्याशाखेचे इलेक्ट्रिशियन आणि घरगुती उपकरणे दुरुस्तीसारखे अभ्यासक्रम ज्या गावांना सर्वांत जास्त हवेत, तिथल्या घरांत अजूनही पोराने नुसते बी.ए. व्हावे असे वाटते. हाताच्या कामाला मान देण्याची आपली रीत अपुरी आहे आणि ती बदलायला एखाद्या विद्यापीठाचे आयुष्य पुरणार नाही. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या पाड्यांवरून अभ्यासकेंद्रापर्यंत येणे म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे. त्याच पाड्यांतली माणसे हंगामात दिंडोरी-निफाडच्या बागांत डिपिंग आणि विरळणीला येतात. ती कामे त्यांना आमच्यापेक्षा चांगली येतात. बोरगावच्या बाजूला काही कुटुंबांनी स्ट्रॉबेरी लावली आणि सापुताऱ्याच्या रस्त्यावर विकायला सुरुवात केली. ते बघून मला फार बरे वाटले. रविवारी या माणसांच्या पाड्यावर जाणारा संमंत्रक हवा. पुढची पंचवीस वर्षे विद्यापीठाने कुठे घालवावीत असे मला विचारले, तर मी त्या रस्त्याकडे बोट दाखवीन.

मी निवृत्त होऊन काही वर्षे झाली. गेल्या दिवाळीनंतर बाजारात रिवाइंडिंगवाले भेटले. दुकानाला आता दोन गाळे आहेत, हाताखाली तीन पोरे. त्यातल्या दोघांना त्यांनी स्वतः इलेक्ट्रिशियनच्या अभ्यासक्रमाला घातले आहे. एका रविवारी एक जातो, दुसऱ्या रविवारी दुसरा, म्हणजे मोटारी अडत नाहीत. चहा सांगून त्यांनी गल्ल्यातून रोजकीर्द काढली. हिरव्या पुठ्ठ्याची, या वर्षीची.

“सर, पोरगा रविवारी वर्गाला जातो, त्या दिवसाची हजेरी मी त्याला पूर्ण देतो. दुकानात तर तो नसतो. मग ती कोणत्या खात्याला धरू?”

मी खिशातून चष्मा काढला आणि आम्ही दोघांनी वही मध्ये ओढली.